दिनविशेष, 29 मार्च : आहवमल्लाची जलसमाधी

मंद्रूप : असाध्य तापाने जेरीस आलेला कल्याणीचा चालुक्य राजा पहिला सोमेश्वर ऊर्फ आहवमल्ल याने 29 मार्च 1068 रोजी कुरुवत्तीला तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. चोळांशी त्याचा उभा दावा. 1054 मध्ये कोप्पमच्या लढाईत चोळ राजाधिराज हत्तीवरच मारला गेला; धाकट्या भावाने रणांगणातच मुकुट चढवून हरत आलेली बाजू सावरली. सोमेश्वराच्या घरात मात्र भावाभावांत जुंपली. गादी थोरल्या दुसऱ्या सोमेश्वराकडे गेली. 1076 मध्ये धाकट्या विक्रमादित्याने, तोही चोळांचाच जावई, त्याला कैद करून ती बळकावली. आहवमल्लाचे वडील जयसिंह यांच्या राजवटीतला शके 940चा मराठी शिलालेख आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग कुडलच्या भीमा-सीना संगमावर आहे. सवडीने पाहून यावा.