पांढरीची माती

मराठी मुलखांत प्रत्येक गांवाच्या दोन जमिनी असतात. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि पांढरी म्हणजे जिच्यावर घरें उभीं असतात ती गांवठाणाची जागा. गांवठाणाच्या मातीस पांढरी कां म्हणावें, याचें उत्तर अगदीं साधें आहे. पिढ्यान् पिढ्या चुलींतील राख, गोठ्यांतील शेण, छपराचें कुजलेलें गवत, ढासळलेल्या भिंतींची माती, फुटकीं मडकीं हें सर्व एकाच जागीं पडत राहिलें. थरावर थर चढले. आणि त्या राखेच्या योगानें काळ्या भुईचा रंग उतरून ती करडी-पांढरी झाली. म्हणजे ज्यास आपण कचरा म्हणतों, त्याच्यावरच आपलीं गांवें वसलीं आहेत!

नंदुरबार जिल्ह्यांत ही गोष्ट प्रत्यक्ष पहावयाची असेल तर शहादा तालुक्यांतील प्रकाशा येथें जावें. तापी व गोमाई यांच्या संगमावरील हें क्षेत्र दक्षिणकाशी म्हणून प्रसिद्ध असून, केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर इत्यादि देवांच्या दर्शनास लांबलांबचे यात्रेकरू तेथें येतात. परंतु देवळांइतकीच तेथली नदीकांठची उंच टेकडीहि पाहण्यासारखी आहे. ती निसर्गानें उभारलेली नाहीं. माणसांनीं तेथें राहून राहून वाढविलेली आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीनें श्री. बी. के. थापर यांनीं १९५४-५५ सालीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां वस्तीचे चार कालखंड एकावर एक रचलेले आढळले. सर्वांत खालीं, सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं तांबें व गारेचीं पातीं वापरणाऱ्या लोकांचीं रंगविलेलीं मडकीं. त्यावर लोखंड वापरणाऱ्यांची वस्ती. त्यावर सातवाहनांचा व त्यापुढील शतकांचा थर. आणि सर्वांच्या वर इसवी सनाच्या सुमारें अकराव्या शतकापर्यंतचे अवशेष.

इतक्या दीर्घ काळांत त्या लोकांनीं जें जें टाकून दिलें, त्यांपैकीं शिल्लक काय राहिलें? राख, खापरें, हाडें, थोडे मणी आणि लोखंडाचा गंज. बाकी सर्व मातींत मिळून गेलें. शेतकऱ्यांना या मातीचें मोल पूर्वींपासून ठाऊक होतें. दख्खनांत ठिकठिकाणीं ओसाड पांढरींची माती गाड्या भरभरून शेतांत नेऊन टाकण्याची वहिवाट होती. ती इतकी कीं, पुरातत्त्वज्ञांना कित्येक टेकड्या अर्ध्या पोखरलेल्याच हातीं आल्या. पांढरीनें दिलेलें काळीनें घ्यावें आणि काळीनें पिकविलेलें पांढरीनें खावें, असा तो व्यवहार होता. ‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनीं देखील फिटते’ ही म्हण त्याच व्यवहारांतून निघाली असावी. कारण उकिरड्याची दैना ही कायमची नसते, काळ लोटला कीं त्याचें खत होतें, हा तिच्यामागील अनुभव आहे.

यावरून पूर्वीं सर्व कांहीं निर्मळ होतें असें मात्र कोणीं समजूं नये. ज्या घाटावर स्नान करावयाचें त्याच घाटावरून पिण्याचें पाणी भरावयाचें, ही चाल किती महाग पडत होती हें पटकीच्या सांथी सांगत असत. यात्रेंत पटकी शिरली कीं परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती गांवोगांव पोंचे. त्या काळीं युरोपांतहि याहून शहाणपणा होता असें नाहीं. १८५४ सालीं लंडनमध्यें जॉन स्नो यानें पटकीचा संबंध एका पाण्याच्या पंपाशीं जोडून दाखविला, तरी त्याचें म्हणणें पटण्यास वेळ लागला. १८५८ च्या उन्हाळ्यांत टेम्स नदीची दुर्गंधि पार्लमेंटाच्या सभागृहांत शिरली तेव्हां कोठें त्या शहरानें मोठीं गटारें बांधण्याचें मनावर घेतलें. पुढें १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यानें कलकत्त्यास येऊन पटकीच्या जंतूंचा शोध पक्का केला. पांढरीची जी राख आपण कौतुकानें पाहतों, तिच्याविषयींहि एवढें ध्यानांत ठेवलें पाहिजे कीं, ती ज्या चुलींतून निघाली त्या चुलींचा धूर शेंकडों पिढ्यांच्या बायकांच्या डोळ्यांत व छातींत गेलेला आहे. सातपुड्याच्या पाड्यांतून तो अद्यापहि जात आहे.

तेव्हां जुनी घाण निरुपद्रवी नव्हती. परंतु तिचा एक धर्म होता. ती काळानें व अंतरानें नाहींशी होई. उकिरडा विहिरीपासून दूर न्यावा, पाणी उकळून प्यावें, धुराला वाट करून द्यावी, एवढें केलें कीं तिचें विष उतरे. आमच्या संवयी आणि आमचे जुने कायदे हे दोन्ही याच समजुतीवर बांधलेले आहेत. १८६० च्या भारतीय दंडविधानांत सार्वजनिक झरा किंवा जलाशय गढूळ करणारास तीन महिनेपर्यंत कैद अथवा पांचशें रुपयेपर्यंत दंड सांगितला होता. परंतु त्या शब्दांत वाहती नदी येत नाहीं, असा अर्थ जुन्या न्यायनिवाड्यांत लावला गेला. वाहतें पाणी आपोआप शुद्ध होतें, हा लोकांचा विश्वास न्यायासनासहि मान्य होता असेंच म्हणावयाचें. खास नदीच्या पाण्यासाठीं कायदा होण्यास पुढें शंभरांवर वर्षें लागलीं. महाराष्ट्रानें असा कायदा १९६९ सालीं केला व १९७० सालीं त्यासाठीं मंडळ स्थापिलें. सर्व देशासाठीं कायदा १९७४ मध्यें झाला.

मधल्या काळांत तापीच्या कांठीं काय घडलें? १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला. १९०० च्या सुमारास सुरतेहून अंमळनेरपर्यंत तापी खोऱ्याची रेल्वे सुरू होऊन नवापूर व नंदुरबार हीं गांवें दूरच्या बाजारपेठांना जोडलीं गेलीं. आगगाडीबरोबर कोळशाचा धूर आला, घासलेटाचे डबे आले. तरी तो डबाहि गंजून मातींत जात असे. खरी मोड झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, आणि तीहि समृद्धीच्या पावलांनीं. संकरित बियाणें, यूरिया, कीटकनाशकें व विजेचे पंप यांनीं या खोऱ्यांत ऊस, केळी, पपई व मिरची पिकविली आणि अनेक घरांचें दैन्य फेडलें. प्लॅस्टिक स्वस्त व हलकें म्हणून घरांत आलें. आच्छादनाचा कागद म्हणून तें शेतांतहि पसरलें. खालच्या अंगास गुजराथेंत १९७२ सालीं उकाईचें धरण पुरें झालें, आणि अलीकडे सारंगखेडा व प्रकाशा येथें तापीवर बंधारे उभे राहिले. या प्रत्येक गोष्टीस सबळ कारण होतें. दुष्काळानें पोळलेल्या मुलखानें पाणी अडवूं नये असें कोण म्हणेल?

परंतु या सर्वांची बेरीज मांडून पाहण्याचें राहून गेलें. नदी वाहती आहे म्हणून तिच्यांत सांडपाणी सोडण्याची जुनी संवय तशीच राहिली, आणि नदीचें वाहणें मात्र वर्षांतील कित्येक महिने थांबलें. वाहत्या पाण्यांत जें पातळ होऊन जाई तें अडलेल्या पाण्यांत सांठूं लागलें. यूरियाचा जो भाग पिकानें घेतला नाहीं तो नायट्रेट होऊन विहिरींत व कूपनलिकांत उतरतो. तो रंगानें दिसत नाहीं, वासानें कळत नाहीं. पाणी उकळल्यानें जात नाहीं, उलट आटलेल्या पाण्यांत तो अधिक दाट होतो. आणि तान्ह्या मुलांच्या रक्तास तो विशेषेंकरून बाधक आहे. आजीनें शिकविलेला उपाय येथें निकामी ठरतो, हें घरोघर कळलें पाहिजे. प्लॅस्टिकचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. पण त्याची माती होत नाहीं. तें गुरांच्या पोटांत जातें. जाळावें तर त्याचा धूर लाकडाच्या धुराहून विषारी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील नद्यांचे ३५१ दूषित पट्टे नोंदविले. त्यांत महाराष्ट्राचे ५३ असून ती संख्या सर्व राज्यांत अधिक होती. आणि तापी, गोमाई व नवापूरची रंगावली यांचीं नांवें त्या यादींत होतीं. जेथें सिंहस्थांत लोक पापक्षालनासाठीं उतरतात, त्या संगमाच्या दोन्ही नद्या त्या यादींत याव्या, ही गोष्ट श्रद्धाळूंस व अश्रद्धांस सारखीच लाजिरवाणी आहे.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, प्रदूषणाचा विचार करतांना घाणीचे दोन वर्ग प्रथम वेगळे केले पाहिजेत. जिची माती होते ती, आणि जिची होत नाहीं ती. पहिलीस जागा व वेळ दिला पाहिजे. दुसरीस मुळींच उत्पन्न होऊं देतां कामा नये, अथवा झाली तर मातींत व पाण्यांत शिरूं देतां कामा नये. ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याचा २०१६ च्या नियमांतील दंडक हा याच भेदावर उभा आहे. परंतु घरांत वेगळा केलेला कचरा गाडींत पुन्हां एक झाला तर तो दंडक कागदावरच राहतो. महाराष्ट्रानें मार्च २०१८ मध्यें प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरावयाच्या कित्येक प्लॅस्टिकच्या वस्तु देशभर बंद झाल्या. तरी बाजाराला जातांना कापडी पिशवी घेण्याची संवय कायद्यानें लागत नाहीं. ती घरांतूनच लागावी लागते.

शेतांत माती परीक्षून बेतानें खत देणें, उसाचें पाचट न जाळतां सरींत कुजूं देणें, पऱ्हाट्या पेटवून देण्याऐवजीं त्यांचा भुगा करून जमिनीस परत देणें, पिकाखालचें प्लॅस्टिक हंगामाअखेर गोळा करून शेताबाहेर काढणें, हे उपाय शेतकऱ्याच्या आवांक्यांतले आहेत. २०१६ मध्यें सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें गरीब घरांत गॅसची शेगडी पोंचविली. पण रिकामी झालेली टाकी पुन्हां भरण्यास पैसा नसेल तर बाई चुलीकडेच वळते, हें ओळखून तेथें मदत पोंचली पाहिजे. शहरांच्या सांडपाण्याचें काम मात्र एकट्या माणसाचें नव्हे. तें नगरपालिकांनीं व सरकारनें नदींत थेंब पडण्यापूर्वीं करावयाचें आहे, आणि कारखान्यांच्या मळीचें व सांडपाण्याचेंहि तसेंच.

हें सर्व अशक्य आहे असें म्हणणारांनीं तापीच्याच मुखाकडे पहावें. १९९४ च्या पावसाळ्यानंतर सुरतेंत प्लेगचा उद्भव झाला आणि लाखों माणसें शहर सोडून पळालीं. आगगाडीनें नंदुरबारशीं जोडलेल्या व खानदेशांतील असंख्य कुटुंबें पोटासाठीं जेथें स्थायिक झालीं आहेत अशा त्या शहराची गणना तेव्हां देशांतील गलिच्छ शहरांत होत असे. १९९५ सालीं महापालिकेचे आयुक्त म्हणून आलेल्या श्री. एस. आर. राव यांनीं अधिकाऱ्यांना रोज कचेरीबाहेर काढून गल्लींत उभें केलें, प्रत्येकाची हद्द व जबाबदारी ठरवून दिली. आणि दोन वर्षांच्या आंत तेंच शहर स्वच्छतेसाठीं नांवाजलें जाऊं लागलें. सुरतेला हें करण्यास भयानें भाग पाडलें. तापीच्या वरच्या कांठानें तें विचारानें करावें.

प्रकाशाच्या टेकडींतील माणसें गरीब होतीं, रोगांनीं लवकर मरत होतीं, आणि त्यांस जंतु म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें. तरी त्यांनीं टाकलेल्या वस्तूंवर पुढच्या पिढ्यांना घर बांधतां आलें आणि तीच माती शेतांत पसरतां आली. आम्हांस त्यांच्याहून पुष्कळ अधिक ठाऊक आहे. पुढील पिढीच्या काळीला घेतां येईल अशीच पांढरी आपण मागें ठेवावी, एवढी अपेक्षा त्या ज्ञानाकडून करणें मुळींच जास्त नाहीं.