सोळाव्या वर्षाचा इतिहास



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजेरजवाडे आपल्या डोळ्यांपुढे येतात. सोळा वर्षांच्या मुलामुलींची मैत्री, तीतून अंकुरणारे पहिले प्रेम आणि त्यापायी उडणारी झोप यांनाही इतिहास असतो, असे मी म्हटले तर आपण हसाल. परंतु ज्यांच्या वाट्याला मोकळे सोळावे वर्ष आलेच नाही, त्यांनी झुरावे तरी केव्हा?

१८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली. म्हणजे आठ वर्षांचे मूल कायदेशीर कामगार ठरले! त्याला दिवसाला नऊ तास राबविण्याची मुभा होती. ही वयोमर्यादा १८९१ मध्ये नऊ, १९२२ मध्ये बारा आणि १९४८ मध्ये चौदा झाली. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टीदेखील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मिळाली. सवंगड्याशी दोन शब्द बोलायलाही फुरसत लागते, आणि फुरसत कोणी दान देत नाही.

मुलींच्या वाटेत लग्न उभे होते. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. पुढे त्यांनी नांदायला जाण्याचे नाकारले, तेव्हा १८८७ साली न्यायालयाने बजावले, सासरी जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या डॉक्टर झाल्या. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरले. १९७८ साली ते अठरा आणि एकवीस झाले. बालपण आणि संसार यांच्यामध्ये अशी चार मोकळी वर्षे झगडून मिळाली. मैत्रीला आणि पहिल्या प्रेमाच्या धाकधुकीला जागा झाली ती तेथे.

माझे सोळावे वर्ष गिरणगावातल्या चाळीत गेले. १९८२ चा संप होऊन गेला होता, घरात मिळकत नव्हती. शेजारची एक मुलगी मला आपल्या वह्या देई. मला दोन भये होती: मनातले तिला कळले तर काय, आणि चाळीला कळले तर काय! चाळीला आधी कळले. माझी शाळा पुढे पैशावाचून सुटली. तिची मात्र आठ दिवसांत, केवळ माझ्याशी बोलल्याबद्दल सुटली. मी गप्प राहिलो. पुढे कामगारांच्या बाजूने पुष्कळ बोललो, पण ते मौन अजून सलते.

म्हणून एवढेच मागणे. घरातले पोर एकाएकी अबोल झाले, तर दरडावू नका. जवळ बसवून विचारा. मुलीची शाळा तर मुळीच सोडवू नका. कायद्याने दिलेली ही वर्षे उंबऱ्याच्या आत हिरावून घेऊ नका.