कुर्ल्याच्या फियाटची किंमत

जुन्या फियाट गाड्यांच्या जाहिरातींत आज सर्वांत जास्त भाव खातो तो ओरिजिनलपणा. रंग कारखान्यातला, इंजिन कधीही न उतरवलेलं, पत्र्याला कुठे हात न लागलेला, आणि मग त्या मानाने किंमत. युरोप-अमेरिकेच्या बाजारात हा निकष शोभतो, कारण तिथे गाडी जुनी झाली की माणसं नवी घेत आणि न वापरलेली गाडी हा अपवाद ठरे. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेल्या गाडीला तोच निकष लावला, की तिच्या इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग दोषांच्या यादीत जाऊन बसतो. ही गाडी निम्मी कारखान्याने घडवली आणि निम्मी गॅरेजने. तिची किंमत करताना दोघांचंही काम मोजलं पाहिजे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्यांची जुळणी सुरू झाली. मग फियाटशी संबंध जुळला आणि 1954 मध्ये फियाट 1100 रस्त्यावर आली. पुढून गोलसर, फुगीर दिसणाऱ्या या गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिलं आणि ते आजही टिकून आहे. त्याच सुमारास सरकारी धोरणाने मोठं वळण घेतलं होतं. 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवण्याची तयारी असेल त्याच कंपन्यांना थारा मिळाला. 1928 पासून शिवडीला गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. मोटारगाड्यांच्या बाजारात मुख्यतः तीन नावं उरली: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची प्रीमियर.

या धोरणामुळे कुर्ल्याची फियाट इटलीच्या फियाटपासून जन्मतःच वेगळी झाली, आणि ओरिजिनल म्हणजे नेमकं कशाच्या तुलनेत, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. इटलीत 1962 साली आलेल्या 1100 डी या मॉडेलमध्ये 1221 सीसीचं इंजिन होतं. आपल्याकडे 1964 साली तीच बॉडी आली, पण इंजिन आधीचंच, 1089 सीसीचं राहिलं. इटलीने ते मॉडेल 1966 मध्ये बंद केलं. कुर्ल्याने ते थेट शतकाच्या अखेरीपर्यंत चालवलं. मधल्या काळात त्याचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि मग पद्मिनी. मायदेशी चार वर्षं टिकलेलं मॉडेल इथे पस्तीसहून अधिक वर्षं बनत राहिलं. म्हणून तिला इटालियन गाडीची नक्कल म्हणणं मला पटत नाही. तिचं बहुतेक आयुष्य मुंबईचं आहे.

टंचाईने पुढचं काम केलं. मागणी मोठी, उत्पादन परवान्याने बांधलेलं, त्यामुळे नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. किमतीवर सरकारचं नियंत्रण होतं, आणि 1959 च्या आदेशाने नव्या गाडीच्या वितरणावर आणि विक्रीवरही बंधनं आली. नियंत्रित दर आणि खुल्या बाजारातला दर यांत इतकं अंतर होतं, की वापरलेली गाडी घेतल्या किमतीपेक्षा जास्त दराने विकली जाऊ शके. अशा बाजारात गाडी भंगारात काढणं कुणालाच परवडत नव्हतं. सिलिंडर झिजले की ब्लॉक रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवायचे, क्रँक ग्राइंड करून घ्यायचा, कोकणच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत तळाचा पत्रा सडला की तेवढा कापून नवा जोडायचा, स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यांचे बुश लेथवर बनवून घ्यायचे. ऑपेरा हाउसजवळची सुट्या भागांची दुकानं, चोरबाजार, कुर्ल्याचा भंगार बाजार आणि गल्लोगल्लीचे मिस्त्री यांच्या जोरावर ही गाडी दोन-दोन पिढ्यांना पुरली. वाड्याचे वासे बदलले म्हणून वाडा खोटा ठरत नाही. या गाडीचंही तसंच आहे.

यावर एक आक्षेप असा, की हे टंचाईचं गौरवीकरण झालं: स्पर्धा नव्हती म्हणून जुनाट गाडी लोकांच्या गळ्यात पडली आणि 1983 साली मारुती येताच ग्राहकाने आपला कौल दिला. हे खरं आहे. बंद बाजारात प्रीमियरला गाडी सुधारण्याची निकड उरली नाही. पण हा आक्षेप कारखान्यावर आणि धोरणावर आहे. कारखान्याने जे सुधारलं नाही ते चालतं ठेवणाऱ्या कारागिरांचं काम त्यामुळे अधिकच ठळक होतं. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. ओरिजिनलपणाचा आग्रह सोडला तर तीन गाड्यांचं भंगार जोडून कुणीही ‘क्लासिक’ विकेल. हा धोका खरा आहे, आणि त्याला उत्तर कागदपत्रांत आहे. इंजिन बदललं तर त्याची नोंद आरसी बुकात व्हावी लागते, चासी नंबर ताडून पाहता येतो, गॅरेजची बिलं जपलेली असतात. जी दुरुस्ती विक्रेता उघड सांगतो आणि कागदाने दाखवतो ती गाडीच्या चरित्राचा भाग मानावी. लपवलेली दुरुस्ती ही फसवणूकच.

2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू केली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, आणि अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. ही व्यवस्था स्वागतार्ह आहे, पण तिचा कल बंद गॅरेजात झाकून ठेवलेल्या गाडीकडे आहे. रोज धावलेली, सीएनजीवर गेलेली, पत्रा तीनदा बदललेली गाडी तिच्या कसोटीला उतरणं अवघड. टॅक्सी म्हणून धावलेल्या फियाटचा तर तिथे प्रश्नच येत नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, आणि तिच्यानुसार ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी सेवेतून गेली. वीस वर्षांनी मोडीत निघणारी गाडी पन्नाशी गाठणार कशी? येत्या काळात विक्रीला येणाऱ्या फियाटांत खासगी मालकांच्या, कमी धावलेल्या गाड्याच जवळपास साऱ्या असतील. या शहराने जी फियाट सर्वांत जास्त वापरली, तिचे सेवेतून गेलेले, पण अजून उरलेले नमुने संग्रहालयांनी, तिच्या सगळ्या डागडुजीसकट, आत्ताच मागून घ्यायला हवेत.