काडतूस-पुंगळीचे अनुशीतन
काडतुसाच्या पितळी पुंगळीचे तोंड व मान ठरावीक तापमानापर्यंत तापवून तेथील धातू मऊ करण्याची प्रक्रिया (→ उष्णता संस्करण, काडतूस).

उगम : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूच्या काडतुसांबरोबर ही प्रक्रिया रूढ झाली. महाराष्ट्रात खडकी (१८६९) व वरणगाव, जि. जळगाव (१९६४) येथे दारूगोळा कारखाने निघाले. २०२१ पासून ते म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुणेस्थित सरकारी कंपनीकडे आहेत.

वैशिष्ट्ये : पुंगळीच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते (→ पितळ). पेल्याच्या आकाराचा तुकडा टप्प्याटप्प्याने ओढून लांबवताना धातू कठीण होतो. म्हणून ओढींच्या दरम्यान अनुशीतन करतात. तापवल्यावर नवे, ताणमुक्त स्फटिककण तयार होतात. शेवटी तोंड व मान मऊ करताना बूड मात्र बाराचा दाब सोसण्यासाठी कठीणच ठेवतात. तापमान फार वाढल्यास कण मोठे होऊन धातू दुबळा पडतो. पोलादाप्रमाणे हे पितळ पाण्यात विझवल्याने कठीण होत नाही. भांडी ठोकताना तांबटही याच तत्त्वाने पत्रा तापवतात (→ तांबट).

महत्त्व : ब्रिटिशकालीन भारतात पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांना तडे जात. धातूतील अंतर्गत ताण व हवेतील अमोनिया यांमुळे ते पडतात, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. अनुशीतनाने हा ताण कमी होतो. काही देशांत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरताना ही प्रक्रिया करतात. भारतात दारूगोळा तयार करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो.