बागेत रात्री कोल्हा येतो, घरात मांजर, कुत्रा आणि ससा आहे. ब्रिटनमध्ये काय काळजी घ्यायची?

लंडन, ब्रिस्टल किंवा बर्मिंगहॅमला नव्याने राहायला गेलेल्या अनेकांची पहिल्या हिवाळ्यात एकदा तरी झोप उडते. मध्यरात्री घरामागच्या बागेतून कोणीतरी जिवाच्या आकांताने किंचाळल्यासारखा आवाज येतो. पोलिसांना फोन करावा का, असा विचार मनात येईपर्यंत कुंपणावरून एक तांबूस, झुपकेदार शेपटीचा प्राणी उडी मारून निघून जातो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा ब्रिटनमधल्या कोल्ह्यांच्या मीलनाचा काळ आणि ती किंकाळी त्यातलीच.

नावाचा घोळ आधी सोडवायला हवा. आपल्याकडे ज्याला कोल्हा म्हणतात, तो सोनेरी कोल्हा म्हणजे इंग्रजीतला 'जॅकल'. 'फॉक्स'साठी मराठीत खोकड हा शब्द आहे. ब्रिटनच्या शहरांत फिरतो तो 'रेड फॉक्स', म्हणजे खोकडाच्या जवळचा भाऊबंद. पण तिथले मराठी लोकही त्याला कोल्हाच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरला आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश शहरांभोवती बागा असलेल्या घरांची उपनगरं पसरली आणि कोल्ह्यांना आयतं घर मिळालं. शेडखाली राहायला जागा, गवतात गांडुळं, कचऱ्यात उरलंसुरलं अन्न. त्यामुळे कोल्हा बागेत येणं हा अपघात नाही. ती त्याच्या रोजच्या फेरीतली एक जागा असते.

मांजराला धोका किती?

लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी. ब्रिटनमधला शहरी कोल्हा साधारण 5 ते 7 किलोंचा असतो, म्हणजे धष्टपुष्ट बोक्यापेक्षा फार मोठा नाही. दोघं समोरासमोर आले की बहुतेक वेळा एकमेकांकडे टक लावून बघतात आणि कोल्हाच काढता पाय घेतो.

तरीही धोका शून्य नाही. दक्षिण लंडनमध्ये 2015च्या सुमारास मांजरांचे छिन्नविच्छिन्न मृतदेह सापडू लागले आणि 'क्रॉयडनचा मांजरमाऱ्या' अशी आवई उठली. 2018 मध्ये लंडन पोलिसांनी निष्कर्ष काढला की यामागे माणूस नव्हता. वाहनांखाली मेलेल्या मांजरांचे लचके कोल्ह्यांसारख्या प्राण्यांनी नंतर तोडले असावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे झालेल्या शवविच्छेदनाच्या अभ्यासात मृतदेहांवर कोल्ह्याचा डीएनए सापडला आणि काही मांजरं शिकारी प्राण्यानेच मारल्याचंही दिसलं. म्हणून पिल्लं, म्हातारी आणि आजारी मांजरं रात्री घरातच ठेवावीत. कॅट फ्लॅप असेल तर संध्याकाळी लॉक करावा. त्यातून कोल्हा आत येऊ शकतो. उन्हाळ्यात तळमजल्याची दारंही रात्री उघडी टाकू नयेत. 2010 मध्ये पूर्व लंडनमधल्या एका घरात शिरलेल्या कोल्ह्याने दोन जुळ्या बाळांना जखमी केलं होतं. अशा घटना फारच विरळ आहेत, पण दार लावायला काही खर्च येत नाही.

खरी भीती सशाला आणि कोंबड्यांना

ससे, गिनीपिग आणि कोंबड्या ही कोल्ह्याची नैसर्गिक शिकार. एक रात्र खुराड्याची कडी लावायची राहिली आणि सकाळी सगळ्या कोंबड्या मेलेल्या, असं घडतं. लोक याला क्रूरपणा म्हणतात. प्रत्यक्षात कोल्हा मिळेल तेवढी शिकार मारून उरलेली पुरून ठेवणारा प्राणी आहे. जंगलात बाकीची पाखरं उडून जातात, खुराड्यात त्यांना जायला जागाच नसते.

इथे सगळ्यात मोठी चूक जाळीत होते. दुकानात 'चिकन वायर' नावाने मिळणारी षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी तोडतो. वेल्ड केलेली जाड तारेची जाळीच घ्यावी. कोल्हा उकरतो, म्हणून ती जमिनीत साधारण 30 सेंटिमीटर पुरून खालचा भाग बाहेरच्या बाजूला वळवावा किंवा खाली फरशी घालावी. वरून छप्परही हवंच, कारण सहा फुटी कुंपण तो सहज चढतो. साधी फिरकीची कडी तो नाकाने उघडू शकतो, त्यामुळे बोल्ट किंवा कुलूप लावावं. सशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: कोल्हा आत शिरला नाही, नुसता बाहेर घिरट्या घालत राहिला, तरी ससा घाबरून मरू शकतो. रात्री पिंजरा शेडमध्ये किंवा घरात घेतलेला बरा.

कुत्र्याला रेबीज होईल का?

भारतातून गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो. ब्रिटनमधल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज नाही. कुत्र्याला त्यांच्यापासून होते ती खरूज. तिचे किडे कोल्ह्याच्या अंथरुणातून किंवा अंगाच्या घासण्यातून पसरतात. 1994 मध्ये ब्रिस्टलमध्ये याच खरजेची साथ आली आणि दोनेक वर्षांत तिथले 95 टक्क्यांहून अधिक कोल्हे मेले. दुसरा धोका फुप्फुसातल्या जंतांचा. ते कोल्ह्याच्या विष्ठेतून गोगलगायींत जातात आणि गोगलगाय खाणाऱ्या कुत्र्यात शिरतात. दोन्हींवर पशुवैद्याकडे प्रतिबंधक औषधं मिळतात.

मुंबईत मात्र हा हिशेब लागू होत नाही. खाडीकाठच्या खारफुटीत राहणाऱ्या सोनेरी कोल्ह्यांमध्ये 2024 मध्ये चेंबूर भागात रेबीज आढळला होता. तिथे कोल्हा कुत्र्याला किंवा माणसाला चावला, तर जखम लगेच साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी डॉक्टर किंवा पशुवैद्य गाठायलाच हवा आणि वन विभागाला कळवायला हवं.

येणं कमी कसं करायचं?

अन्न बंद केलं की फेऱ्या कमी होतात. कुत्र्या-मांजराची ताटली रात्री आत घ्यावी, कचरा झाकणाच्या बिनमध्येच टाकावा. उरलेली पोळी पाखरांना म्हणून गवतावर टाकायची सवय अनेक मराठी घरांत असते. पितृपक्षात कावळ्यासाठी बाहेर ठेवलेलं पानही रात्री कोल्हाच फस्त करतो. हाडांचा चुरा किंवा माशांचं खत घातलेले वाफे तो पुन्हा पुन्हा उकरतो, कारण त्याला तिथे काहीतरी पुरलेलं आहे असं वाटतं. हालचाल टिपून पाण्याचा फवारा मारणारी यंत्रं बऱ्यापैकी उपयोगी पडतात. रॉकेल, फिनेल असले घरगुती उपाय करू नयेत. मान्यता नसलेलं रसायन वापरणं तिथे बेकायदेशीर आहे. विष घालणं हाही गुन्हा आहे. पकडून दुसरीकडे सोडलं, तर रिकाम्या जागेत काही दिवसांत दुसरा कोल्हा येतो.

शेडखाली बीळ दिसलं तर लगेच बुजवू नये. पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये होतात आणि आत ती असताना तोंड बंद करणं 1996च्या वन्य सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत कुटुंब बहुधा स्वतःच हलतं. त्यानंतर बिळाच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा सैल बोळा ठेवावा. चार-पाच दिवस तो जागचा हलला नाही, तर आत कोणी नाही असं समजून जाळी ठोकावी.