केवळ अनुभव नव्हे, मांडणीही आपलीच!



दलित साहित्याचे कौतुक करताना समीक्षक ठरावीक शब्द वापरत आले आहेत: दाहक अनुभव, रांगडी भाषा, अस्सल वेदना. ऐकायला गोड वाटते, पण त्यात मेख आहे. 'यांनी भोगले आणि ओकले, रचनेची बुद्धी यांची नव्हे' असा त्याचा अर्थ निघतो. कष्ट एकाचे आणि बुद्धी दुसऱ्याची, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. म्हणून आपल्या कथा-कादंबऱ्यांचा इतिहास मांडणीच्या अंगाने तपासायला हवा.

सुरुवात १८५५ पासून करू. जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर शेतकरी बाई, तिला ग्रहांची भीती घालणारा जोशी आणि त्यापायी कर्जात बुडणारे घर, एवढेच कथानक. फुल्यांनी त्यात विदूषक आणला. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खादाड ब्राह्मण मित्र असतो. फुल्यांचा विदूषक मात्र जोशाची लबाडी प्रेक्षकांपुढे उघडी पाडतो. त्यांच्याच परंपरेतले पात्र त्यांच्याविरुद्ध उभे केले! शेवटी नवरा-बायको रडत बसत नाहीत, रात्रीच्या शाळेत जायला निघतात. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले. ते छापून यायला १९७९ उजाडले.

शंभर वर्षांनंतर, १९५९ मध्ये, अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. इंग्रजी अंमलात मांगांना गुन्हेगार समजून रोज हजेरी द्यावी लागे. सरकारी दप्तराने गोष्ट सांगितली असती तर ती दरोड्यापासून सुरू झाली असती. अण्णा भाऊ फकिराच्या बापापासून सुरू करतात. गावासाठी जोगणी आणताना राणोजीचा जीव जातो. पुढे दुष्काळ पडतो, वस्ती उपाशी मरू लागते. धान्याची लूट येते ती त्यानंतर. घटना तीच, पण क्रम बदलला की गुन्हेगार कोण हेही बदलते.

१९६३ मध्ये बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या गावी जातो आणि जात लपवून राहतो. रहस्य राखून शेवटी धक्का देता आला असता. बागुलांनी ते शीर्षकातच फोडले. त्यामुळे आपल्याला सगळे ठाऊक असते, घरमालकाला नसते, आणि प्रत्येक प्रेमळ शब्दाची भीती वाटते. मार बसतो तो शेवटी, पण वाचक पहिल्या पानापासून तो अंगावर झेलत असतो. याला काय केवळ अनुभव म्हणायचे?

आता आपल्या भागाकडे पाहू. आम्ही ढाणकीत बसून हे लिहितो आहोत. जगाला यवतमाळ जिल्हा कापूस, कर्ज आणि आत्महत्या या तीन शब्दांत माहीत आहे. त्या गोष्टीत सातबारा असलेला शेतकरी असतो. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तो मजूर, दिवसभर कापूस वेचणारी त्याची बायको, बंदी भागातला आदिवासी त्यात क्वचितच दिसतो. बाहेरून आलेला लेखक त्यांना पार्श्वभूमीला उभे करतो आणि निघून जातो.

आपली पोरे काय करतात? अत्याचार झाला की निवेदन देतात, पोस्ट टाकतात. ते करायलाच हवे. पण पोस्ट दोन दिवसांत खाली जाते. 'फकिरा' साठ वर्षांनंतरही वाचली जाते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: कथा लिहायला बसण्याआधी वहीत चार प्रश्न मांडा. गोष्ट कोण सांगतो? ती कुठून सुरू होते? वाचकाला काय आधी कळते आणि काय नंतर? शेवटी माणूस कुठे जायला निघतो? उत्तरे लिहा, खोडा, पुन्हा लिहा. मग पहिले वाक्य लिहा. लिहिलेले वस्तीत वाचून दाखवा, कारण कुठे खोटे वाटते ते तिथली आजी लगेच सांगेल.

वेदना सांगितल्याबद्दल शाबासकी आजवर खूप मिळाली. आता गोष्ट कशी सांगायची हेही आपणच ठरवू.

जय भीम!