खणांत मोजलेला प्राप्तिकर

पेठेतले वाडेमालक आमच्याकडे प्राप्तिकराच्या कामाला यायचे ते भाडेपावत्यांची पुस्तकं आणि घरपट्टीची बिलं पिशवीत कोंबून. वडील आधी एकच विचारत, "तुमच्याकडे किती खण, बिऱ्हाडांकडे किती?" खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. मालक राहतो त्याच वाड्याचं भाडं घेतो, म्हणजे कायद्याच्या लेखी एका छपराखाली दोन घरं. भाड्याच्या भागाची घरपट्टी वजा मागता यायची, स्वतःच्या भागाची नाही. मग जिना, अंगण, विहीर, सामाईक संडास कुणाच्या खात्यात? वडील सगळं खणांच्या प्रमाणात वाटून मोकळे होत.

राहत्या घरावरही कर, हे मालकांना पटायचं नाही. ते घर भाड्याने दिलं असतं तर काय मिळालं असतं, तेही उत्पन्नच, हे तत्त्व १९२२च्या कायद्यातलं. १९६१च्या कायद्यानेही ते ठेवलं; त्यात ती रक्कम निम्म्याने किंवा १८०० रुपयांनी, जे कमी असेल तेवढ्याने, घटवायची सूट होती. एका राहत्या घराचं मूल्य शून्य धरायला १९८७-८८ हे करनिर्धारण वर्ष उजाडावं लागलं.

खरी गंमत दुरुस्तीच्या वजावटीत होती. खर्च करा वा न करा, वार्षिक मूल्याचा, म्हणजे ढोबळमानाने वर्षाच्या भाड्याचा, एक-षष्ठांश भाग वजा. कागदावर उदार! पण १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं भाडं सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकलेलं. सहा बिऱ्हाडं, दरमहा पंधरा रुपये धरले तर वर्षाचे १०८०. त्याचा सहावा हिस्सा १८०. पावसाळ्याआधी कौलं चाळायची, कुजलेला वासा बदलायचा, भिंतीला आलेला पोक उतरवायचा, तर सुतार-गवंड्याची मजुरीच त्यावर जायची. बिऱ्हाडकरू म्हणत, मालक लक्ष देत नाहीत. मालक म्हणत, भाड्यात कौलसुद्धा येत नाही. दोघंही खरं बोलत होते. आणि ज्याला पगार-पेन्शन नाही, त्याचं उत्पन्न करपात्रच नसायचं. त्याला वजावट मिळून न मिळून सारखीच.

ती वजावट पुढे एक-पंचमांश, मग एक-चतुर्थांश आणि २००१च्या अर्थसंकल्पानंतर सरसकट ३० टक्के झाली. तोवर आमच्या बहुतेक अशिलांचे वाडे बिल्डरकडे गेले होते. आता त्यांच्यातला एखादा दुसऱ्या मजल्यावर राहतो नि चौथ्यावरचा फ्लॅट भाड्याने देतो. दोन्हींची घरपट्टी वेगळी येते, वाटणी करावी लागत नाही.